खुराक वाढवला, तरी फॅट का लागत नाही?

चांदवड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही, आशय तेवढा देतो.

घरची तीन एकर जमीन. होळीनंतर विहीर तळ गाठते. पावसाळ्यात मका आणि त्याच रानात पुढे उन्हाळ कांदा, असं वर्षाचं चक्र. दावणीला दोन संकरित गाई, शिवाय सहा शेळ्या होत्या, त्या आता पाच आहेत. एक गाय दहा लिटरवर आहे, दुसरी सात महिन्यांची गाभण असून आटली आहे. दुधातल्या गाईची गोळी पेंड (गोळ्यांचं विकतचं खाद्य) यजमानांनी चार किलोवरून वाढवत आठ किलोवर नेली. पन्नास किलोचं पोतं १,७०० रुपयांना पडतं. वैरण महाग म्हणून कुट्टी (बारीक तोडलेली सुकी वैरण) दीड किलो आणि कडवळाची, म्हणजे हिरव्या ज्वारीची, सात-आठ किलोंची एक पेंढी, एवढंच. दूध काही वाढलं नाही. उलट दुधातली फॅट ३.६ टक्क्यांवरून २.९ वर आली, संकलन केंद्रावर दर कापला जातो, शेण पातळ पडतं आणि गाय मागचा पाय जपून टाकते. यजमान म्हणतात, कंपनी बदलून बघू. सासरे म्हणतात, पेंडीचे लाड बंद करा, आमच्या गाई डोंगरावर चरून दूध द्यायच्या. त्यात चैत्रात मक्याच्या पोत्याचं तोंड सुटं राहिलं, दोन शेळ्यांनी तुडुंब मका खाल्ला आणि एक दुसऱ्या दिवशी मेली. आता शेळ्या विकून चांगली पेंड आणायचं घरात चाललं आहे. ताई विचारतात: शेळ्या विकाव्यात का? चारा लावला तर कांद्याचं रान जाईल, मग तो लावायचा कुठे? आणि भाव नाही म्हणून पडून राहिलेला कांदा गाईला घातला तर चालेल का? पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे: “शेळ्यांचे पैसे तेवढे माझ्या हातात येतात.”

ताई,

आधी गाईच्या पायाचं बोलू, बाकीचं दोन दिवस थांबेल. फॅट घसरली, शेण पातळ झालं आणि पाय जड पडू लागला, हे तिन्ही एकाच गाईत एकाच वेळी दिसलं की माझी पहिली शंका पोटातल्या आम्लावर जाते. खुरात खडा किंवा जखमही असू शकते, ते पत्रावरून कळणार नाही. म्हणून पशुवैद्यकांना बोलावून खुरं दाखवून घ्या. डॉक्टर येईपर्यंत एवढं मात्र कराच: पेंड आणखी वाढवणं आजपासून बंद.

असं का, ते नीट सांगतो, कारण हे एकदा उमगलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. आपण म्हणतो गाय खाते. खरं पाहिलं तर गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, आपण टाकलेलं आधी ते खातात आणि त्यांच्यावर गाय पोसली जाते. मका-भरड्यासारखं पिठूळ खाणं ते झपाट्याने आंबवतात आणि त्यातून आम्ल तयार होतं. कडबा, सरमाड, काड सावकाश आंबतं. शिवाय लांब वैरण पोटात असली की गाय रवंथ करते, रवंथ करताना लाळ सुटते आणि त्या लाळेत आपल्या खायच्या सोड्यासारखा क्षार असतो. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. पोटातलं आम्ल मारायचं काम ही लाळ करते. वैरण तुटली की रवंथ तुटतो, मग लाळ कमी, आम्ल जास्त आणि काड पचवणारे जीव मरायला लागतात. दुधातली निम्मी फॅट ज्या घटकांपासून बनते, ते याच जीवांनी वैरणीतून काढलेले असतात. म्हणून वैरण तोडून पेंड वाढवली की फॅट पडते. यजमानांनी दहा कंपन्या बदलल्या तरी पडेल. हे आम्ल बरेच दिवस राहिलं की खुरांच्या आत सूज येते आणि गाय पाय जपून टाकते.

आता टेप घ्या. घरात शिवणकामाची असेलच. गाय सपाट जमिनीवर उभी करा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत अंदाजे वजन येतं. घेर ७० इंच आणि लांबी ५५ इंच भरली तर गाय साधारण ४०८ किलोंची. अशा दुधातल्या गाईला रोज वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास कोरडं खाद्य लागतं, म्हणजे सव्वाबारा किलो. कोरडं म्हणजे त्यातलं पाणी वजा करून. कुट्टी आणि पेंड जवळजवळ कोरडीच असते, हिरव्या चाऱ्यात मात्र किलोला दोनशे-अडीचशे ग्रॅमच खाद्य, बाकी सगळं पाणी.

तुमच्या गव्हाणीचा हिशोब या मापाने मांडून बघितला. आठ किलो पेंडीतून सात किलोंच्या वर कोरडं खाद्य, कडवळातून पावणेदोन किलो, कुट्टीतून सव्वा-दीड किलो. सगळं मिळून जेमतेम दहा किलो आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा पेंडीचा. हे नेमकं उलटं हवं. दोन वाटे वैरण, एक वाटा पेंड. म्हणजे तुमची गाय आठ किलो पेंड खाऊनही दोन किलोंनी उपाशी आहे आणि आंबलेलीही आहे.

दहा लिटर दुधाच्या गाईला पेंड किती? शरीर राखायला एक ते सव्वा किलो आणि पुढे दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हणजे सव्वापाच किलो झाले. त्याबरोबर पाच किलो कुट्टी आणि पंधरा किलो हिरवा चारा बसवला की सव्वाबारा किलोंचा मेळ बरोबर बसतो. पेंडीचे पावणेतीन किलो वाचले, म्हणजे तुमच्याच भावाने दिवसाला नव्वद रुपयांच्या वर. महिन्याचे अडीच-पावणेतीन हजार. हे पैसे खिशात टाकायचे नाहीत. त्यातला काही वाटा दुसऱ्या गाईच्या पेंडीला लागेल, ते शेवटी सांगतो. बाकीच्याची आत्ता सुकी वैरण घ्यायची. पण पेंड एका दिवसात तोडू नका. दर दोन दिवसांनी अर्धा किलो कमी करा, तेवढीच कुट्टी वाढवत न्या. दहा-बारा दिवस लागतील. पोटातल्या जिवांना नव्या जेवणाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. सकाळी उठल्या उठल्या पेंडीची पाटी पुढे सरकवू नका. आधी वैरण, ती खाऊन झाल्यावर पेंड आणि तीही दोनऐवजी तीन वेळा विभागून. रोज पन्नास ते शंभर ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ. पाणी दिवसभर समोर हवं. वैशाखात दोन वेळच्या दोन बादल्या पुरत नाहीत, दुधातल्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर आणि ऊन वाढलं की त्याहून जास्त लागतं.

सासरे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. त्यांच्या लहानपणीची गाय गावरान किंवा इगतपुरीकडची डांगी असणार. दिवसाला दोन-तीन लिटर द्यायची आणि डोंगरावरच्या गवतात तिचं भागायचं. आज दावणीला आहे तिच्याकडून आपण दहा लिटर मागतो. नुसत्या चराईवर सोडली तर ती अंगावरची चरबी जाळून दूध देईल, हाडं दिसायला लागतील, वेळेवर माजावर येणार नाही आणि आली तरी गाभ न धरता उलटेल. यजमानांची पेंडही चूक नाही, तिचं प्रमाण चुकलं. पेंड की चराई या वादात तुमच्या घरात वैरणीची बाजू कोणी घेतलीच नाही, असं मला पत्रावरून वाटतं.

हे त्या दोघांना तोंडी सांगून पटणं अवघड. म्हणून गोठ्यातच दाखवा. घरातली एखादी जुनी चाळणी घ्या, ओंजळभर ताजं शेण तिच्यात घाला आणि वरून पाण्याची बारीक धार सोडा. गाळ वाहून जातो आणि न पचलेलं चाळणीत राहतं. मक्याचे पिवळे तुकडे, अख्खे दाणे दिसले तर ते १,७०० च्या पोत्यातले आहेत, गाईच्या पोटातून तसेच खाली आलेले. मी पहिल्यांदा हे एका वस्तीवर केलं, तेव्हा गोठ्याचा मालक चाळणी हातात घेऊन बराच वेळ दाणे मोजत बसला होता. त्या दिवसानंतर त्याला पेंड कमी करा असं परत सांगावं लागलं नाही. दुसरी खूण रवंथाची. दुपारी गाय निवांत बसलेली असताना एका घासाला किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठच्या आसपास चावून घास गिळला तर ठीक. तीस-पस्तीसलाच गिळत असेल, किंवा खाऊन तास-दीड तास झाला तरी तोंड हलत नसेल, तर वैरण कमी पडते आहे. माझी आई गोठ्यात शिरली की कुठल्याही जनावराला हात लावायच्या आधी घटकाभर नुसती उभी राहायची. ती रवंथाचा आवाज ऐकत असायची, हे मला फार उशिरा कळलं.

आत्ता मे महिन्यात सुकी वैरण कुठून आणायची? ज्वारीचा कडबा महाग असेल तर बाजरीचं सरमाड, गव्हाचं भुसकट, हरभऱ्याचा भुसा, मिळेल ते घ्या. घोटी-इगतपुरीकडचा भाताचा पेंढाही चालेल. त्यात प्रथिनं फार कमी असतात, पण पोट भरायला आणि रवंथ टिकवायला उपयोगी पडतो. भुसकट किंवा पेंढा जास्त मिळाला तर युरियाची प्रक्रिया करा. शंभर किलो वैरणीला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, तुडवून दाबायचं आणि प्लास्टिकने हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवायचं. वैरण मऊ पडते, प्रथिनांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. खायला घालायच्या आधी तासभर पसरून वास जाऊ द्या. हे काम करताना ताई, लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा. युरियाचं पाणी जनावर प्यायलं तर हातचं जातं. कोरडा युरिया कधीही वरून भुरभुरू नका आणि सहा महिन्यांखालच्या वासराला ही वैरण देऊ नका.

कडवळाबद्दल एक सावधगिरी. विहीर आटत असताना पाण्याचा ताण बसलेलं कोवळं कडवळ किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन जनावराला किराळ लागते, म्हणजे त्यातल्या विषाची बाधा होते, आणि तासाभरात जीव जातो. फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका.

आता कांदा. लासलगावच्या पट्ट्यात भाव पडले की हा प्रश्न दरवर्षी येतो आणि डोळ्यांसमोर माल सडताना गाईच्या तोंडी घालावासा वाटतो, हे मला समजतं. तरी माझं उत्तर सावधच आहे. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाय याला सगळ्यात नाजूक, शेळी-मेंढी त्यामानाने सोसते. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. चार-सहा दिवस सलग खाल्ल्यावर लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी तांबूस-काळी होते, डोळ्यांच्या आतली त्वचा पांढरी पडते, गाय दम टाकते. गाभण गाईला अजिबात नको. दुधातल्या गाईलाही नको, दुधाला वास येतो आणि केंद्रावर दूध परत येतं. चाळीतला सडका, बुरशी आलेला तर कोणालाच नको, तो उकिरड्यात पुरा. शेळ्यांना चार-पाच कांदे चिरून, एक दिवस सोडून, इतर पाल्यात मिसळून दिले तर चालतील. याहून पुढे जाऊ नका.

आसपास द्राक्षबागा असतील तर छाटणीचा पाला आणि बागेतलं तण फुकट मिळतं. तेही घेऊ नका. मोरचुदाच्या आणि इतर औषधांच्या फवारण्या किती आणि कधी झाल्या, हे बाग आपली नसेल तर कळत नाही.

शेळीचं मला मनापासून वाईट वाटलं. पण ती का गेली हे पाहिलं तर शेळ्या विकायचं कारण उरत नाही. तुमच्या गाईला जे महिनाभरात हळूहळू झालं, तेच शेळीला एका रात्रीत झालं. तुडुंब दाणा, पोटात आम्लाचा लोट, त्याने अंगातलं पाणी पोटात ओढलं गेलं आणि शेळी बसली ती उठलीच नाही. असंच लगीनसराईत होतं. मांडवातला उरलेला भात, चपात्या, बुंदी कोणी कौतुकाने आणून टाकतं आणि सकाळी शेळी फुगलेली असते. पुन्हा असं झालं तर शेळीला चारा-पाणी बंद करून लगेच दवाखाना गाठा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मिळतं का बघा. नाकाडं वर धरून तेल पाजू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जातं आणि पोटाचं दुखणं राहतं बाजूला. भरड्याची पोती दाराच्या आड, कडी लावून. याला पैसे लागत नाहीत.

“शेळी काय, कशावरही जगते” हे आपल्याकडचं फार जुनं मत आहे. ती जगते, पण मिळेल ते खाते हे खरं नाही. शेळीएवढं निवडून खाणारं जनावर नाही. जमिनीवर तुडवलेला, मुताचा वास लागलेला चारा ती शिवत नाही. तिला मान वर करून, ओठांनी पान पान खुडून खायला आवडतं. म्हणून पाल्याची पेंढी गव्हाणीत टाकण्यापेक्षा तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगा, वाया जाणं निम्म्याने कमी होतं. तीस किलोंच्या शेळीला दिवसाला एक ते सव्वा किलो कोरडं खाद्य लागतं. सासरे सहा-सात तास फिरवून आणतात, ते पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पुरतं. वैशाखात माळावर काय आहे? संध्याकाळी पोटाची डावी खोबण बघा, खड्डा दिसला तर पोट रिकामं आहे. अशा वेळी घरी आल्यावर तूर-हरभऱ्याचा भुसा अर्धा-पाऊण किलो आणि बाभळीच्या सुक्या शेंगा कुटून शे-दीडशे ग्रॅम. भरडा सगळ्यांना देऊ नका. ज्या शेळ्यांना विण्याला दीड महिना उरला आहे आणि ज्या करडं पाजत आहेत, त्यांनाच दोनशे-अडीचशे ग्रॅम, दोन वेळा विभागून. खनिज मिश्रण दहा ग्रॅम. करडू जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत चीक पोटात गेला पाहिजे, वार पडायची वाट बघू नका. आणि पाऊस पडायच्या आधी आंत्रविषाराची लस व जंताचं औषध, दोन्ही. पहिल्या पावसाच्या कोवळ्या लुसलुशीत गवतावर तुटून पडलेल्या शेळ्या-करडं तडकाफडकी मरतात, त्यातली बरीच या एका लशीने वाचतात.

इथे सासऱ्यांची मदत घ्या. शेवरी, हादगा, सुबाभूळ कुठल्या बांधावर धरेल, हे त्यांच्याइतकं घरात कोणाला माहीत नसणार. पहिल्या पावसात तीन एकरांच्या बांधावर बी टोकलं तर पुढच्या उन्हाळ्यात शेळ्यांना आणि थोडं गाईलाही हिरवं, प्रथिनांचं खाणं मिळेल, तेही रान न अडवता. सुबाभूळ एकूण खाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नका, जास्त झाला तर केस गळतात. पहिलं वर्षभर मात्र ही रोपं आपल्याच शेळ्यांपासून राखावी लागतील.

चाऱ्याचं आणि कांद्याचं भांडण तुम्ही गृहीत धरलं आहे. मला ते तुमच्या रानात दिसत नाही. तुमचा मका जूनमध्ये पडतो, उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. मुरघास म्हणजे हिरवा मका कापून, कुट्टी करून, हवाबंद मुरवून ठेवलेला चारा. त्यासाठीचा मका ऐंशी-नव्वद दिवसांत, म्हणजे सप्टेंबरात निघतो. दाण्याच्या मक्यापेक्षा महिनाभर आधीच रान मोकळं होतं, कांद्याला उलट सवड मिळते.

किती लावायचा? टंचाई फेब्रुवारी ते जून म्हणजे चार-साडेचार महिने धरा. दोन गाईंना रोज वीस-वीस किलो, १२० दिवस, म्हणजे ४,८०० किलो. मक्याचा हिरवा चारा एकरी १६ टन धरला तर गुंठ्याला ४०० किलो. पंधरा गुंठ्यांत सहा टन, त्यातला दहा-पंधरा टक्के मुरताना घटतो, उरतो पाच टनांच्या वर. पंधरा गुंठे पुरे झाले. तेवढ्या रानातला दाणा विकायला मिळणार नाही आणि कुट्टी यंत्राचं भाडं, बॅगा, मजुरी हाही खर्च आहे. तो आत्ताच चौकशी करून मांडा, शेजारच्या दोन घरांनी मिळून यंत्र आणलं तर हलका पडतो. तरी माझं मत मुरघासाच्या बाजूने आहे, कारण फेब्रुवारीनंतर तुम्ही जो खर्च करता तो चाऱ्याची जागा पेंडीने भरण्याचा आहे आणि ती जागा पेंडीने भरत नाही.

कणीस सोलून दाण्याला नख लावा. वरचा भाग घट्ट, खालून अजून दूध येतंय, अशा वेळी कापा. कुट्टी बोटाच्या पेरापेक्षा बारीक. मूठभर कुट्टी घट्ट दाबून मूठ उघडली की गोळा सावकाश उलगडला पाहिजे. बोटांतून पाणी ठिबकलं तर एक दिवस सुकू द्या, गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला. मग थर दाबत भरा. दाबणं हेच खरं काम, आत हवा राहिली की बुरशी. बॅगा उंदरांपासून जपा, एक भोक सगळी बॅग नासवतं. दीड महिन्यानंतर उघडता येतो. चांगल्या मुरघासाला आंबूस-गोड वास येतो, रंग पिवळसर हिरवा असतो. काळा, चिकट किंवा बुरशीचा थर निघाला तर तेवढा फेकून द्या, त्याची काटकसर करू नका. उरलेल्या रानातल्या मक्याची ताटं दाणे काढल्यावर बांधावर जाळू नका. कापून, वाळवून, कुट्टी करून ठेवा, वर सांगितलेली युरियाची प्रक्रिया त्यांनाही चालते.

ट्रेमध्ये, मातीशिवाय नुसत्या पाण्यावर उगवलेल्या मक्याच्या चाऱ्याबद्दल बरेच वाचक विचारतात, म्हणून इथेच सांगतो: एक किलो दाण्याचा सहा-सात किलो चारा होतो तो पाण्याने, कोरडं खाद्य मूळ दाण्यापेक्षा थोडं कमीच भरतं. पाण्याची ओढ असलेल्या घराने त्या नादी लागू नये.

पेंड घरी करता येईल का, असं तुम्ही विचारलं नाही, पण तुम्ही मका व्यापाऱ्याला विकता आणि तोच गोळीच्या रूपात विकत आणता. शंभर किलोंना मका भरडा ३८, शेंगदाणा पेंड १५, सरकी पेंड १२, गव्हाचा कोंडा २०, तुरीची चुनी १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो, असं मिश्रण केलं तर प्रथिनं साधारण १८ टक्क्यांपर्यंत येतात, तुमच्या दहा लिटरला पुरेशी. चांदवडच्या बाजारभावाने किलोचा खर्च काढा. ३४ रुपयांच्या बराच खाली येत असेल तरच करा, नाहीतर गोळी बरी. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड मात्र मिश्रणात कधीच नाही, तिचं विष दुधात उतरतं.

शेळ्या विकायच्या का, यावर मी हिशोबानेच बोलतो. आठ किलोंनी महिन्याला जवळपास पाच पोती जातात, आठ हजारांच्या वर. पाच शेळ्यांचे जे येतील ते पैसे किती महिन्यांत गव्हाणीत जिरतील, यजमानांसमोर भागाकार करून दाखवा. आणि त्यानंतर फॅट २.९ च राहील. शेळ्या राहिल्या तर अडीअडचणीला एक बोकड विकता येतो, त्यासाठी कोणाच्या सहीची गरज लागत नाही. दुधाचा पगार खात्यावर जातो आणि तिथून कर्जाला, असं तुम्ही लिहिलं आहे. मुलांच्या वह्या आणि तुमचं औषधपाणी शेळ्यांवर चालतं. ते एक वाक्य तुम्ही पत्राच्या तळाशी, जवळजवळ संकोचाने लिहिलंत. माझ्या लेखी या निर्णयात त्याचं वजन फॅटइतकंच आहे. विकायच्याच असतील तर दोन वेतं चांगली न दिलेली एखादी निवडून विका, कळप मोडू नका.

शेवटची गाय राहिली, जिच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे: “ती आटलेली आहे म्हणून उरलंसुरलं खाते.” ताई, घरातली सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. पोटातलं वासरू शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात झपाट्याने वाढतं आणि पुढच्या वेताचं दूध आत्ताच्या खाण्यावर ठरतं. दुधातल्या गाईचे जे पावणेतीन किलो वाचले, त्यातले दीड किलो हिच्याकडे वळवा, अर्ध्या किलोपासून सुरुवात करून. वैरण पोटभर, खनिज मिश्रण रोज. विण्याआधी दूध वाढेल म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात, ते करू नका. त्याने विल्यानंतर गाय आडवी पडायचा धोका वाढतो. कॅल्शियम कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

चाळीस पानी वही आणा. पहिल्या पानावर हिची रेतनाची तारीख लिहा आणि त्यात २८० दिवस मिळवून विण्याची तारीख काढा. दुसऱ्या पानापासून रोज चार आकडे: पेंड किती, कुट्टी किती, दूध किती, फॅट किती. फॅट उद्या वाढणार नाही, दोन-तीन आठवडे लागतील. तोवर कोणी काही म्हटलं तर वही पुढे करा. धार तुम्ही काढता, गव्हाण तुम्ही भरता, शेणही तुम्हीच उचलता. गोठ्यातली ही वही तुमच्याच अक्षरात असू द्या.